रॅमच्या खाचेतल्या अक्षता

चौदा महिने घरी बसल्यावर एकदाचं कुणीतरी मला काम देऊ केलं, आणि ते काम माझ्या कम्प्युटरमध्ये उघडेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, माझा तर चौदावा चालू होता.

मी ड्राफ्ट्समन. कारखान्यात जी वस्तू बनायची असते तिचं मोजमापांसकट ड्रॉइंग काढणारा माणूस. तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत काढली. आमच्याकडे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनायचे, डब्यांची झाकणं, बादल्यांच्या कड्या, असलं काहीबाही. पहिली बारा वर्षं बोर्डावर पेन्सिलीने काम केलं, नंतर कम्प्युटर आले तेव्हा कम्प्युटरवर. ड्रॉइंग ऑफिसमधला सगळ्यात जुना म्हणून सगळे मला साहेब म्हणायचे, आणि मीही तसाच वागायचो. मग मालकांनी जागा विकली, मशिनं गुजरातला हलवली. आम्हाला विचारलं, येता का? छपन्नाव्या वर्षी वर्तकनगरातलं घर सोडून मी कुठे जाणार? नाही म्हणालो. तेव्हा वाटलेलं, इस्टेटमध्ये कंपन्या काय कमी आहेत का.

कमी नव्हत्या. सगळीकडे जाऊन आलो. सगळीकडे चहा मिळाला आणि 'कळवतो' मिळालं. कळवतो म्हणजे नाही, हे कळायला मला चार महिने लागले. उरलेले दहा महिने मी घरात बसून बायकोवर चिडचिड केली. भाजीतलं मीठ, पंख्याचा आवाज, पाणी यायची वेळ, कारण काहीही चालायचं. ती ऐकून घ्यायची. तिचा माझ्यावर फार विश्वास. यांच्या हातासारखं काम इस्टेटमध्ये कुणाला येत नाही, याची माझ्यापेक्षा तिलाच जास्त खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाच जास्त राग यायचा.

तर आमच्या जुन्या कंपनीपासून दोन गल्ल्या सोडून एक साच्यांचीच छोटी कंपनी आहे. तिथल्या स्टोअरमधला माणूस ओळखीचा. त्याने सांगितलं म्हणून एका शुक्रवारी सकाळी गेलो. समोर अठ्ठावीस-तिशीतली इंजिनिअर मुलगी. मला 'काका' म्हणाली. म्हटलं ठीक आहे, काका तर काका, भुकेल्याने ताटाची नक्षी बघू नये. तिने माझी जुनी ड्रॉइंग्ज बघितली, मनापासून बघितली, एका ठिकाणी थांबून म्हणालीसुद्धा, "काय स्वच्छ काम आहे काका." मग एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

"यात एका झाकणाचं थ्रीडी मॉडेल आहे, आणि ते उघडायचं सॉफ्टवेअरपण आहे. याची जाडी बदलायचीय, दोन भोकं सरकवायचीयत, आणि मग ड्रॉइंग काढायचं. सोमवारी दहापर्यंत आणून द्याल? जमलं तर आम्हाला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणारं माणूस हवंच आहे. थ्रीडी येतं ना तुम्हाला?"

"येतं की," मी म्हणालो. ते इतकं पटकन तोंडातून गेलं की मला ते खरंच वाटलं.

आमचा कम्प्युटर मुलगी कॉलेजात असताना घेतलेला. आता ती बंगळुरूला असते आणि कम्प्युटर आमच्याकडे असतो. त्याची जागा हॉलच्या कोपऱ्यात. जुन्या ऑफिसने लाकडी ड्रॉइंग बोर्ड भंगारात काढले तेव्हा मी माझा टेबलासकट घरी आणला, त्यावरच स्क्रीन आणि कीबोर्ड ठेवलाय. टेबलाखाली पाय ठेवायची लोखंडी दांडी आहे, त्यामुळे कम्प्युटरचा डबा खाली उभा मावत नाही. म्हणून तो पहिल्या दिवसापासून आडवा झोपवलेला, हवा जायची जाळी वर आलेली. त्यात दोन जीबी रॅम. एके काळी ती पुष्कळ होती.

शुक्रवारी दुपारी पेन ड्राइव्ह लावला. सॉफ्टवेअर चढायलाच दीड तास गेला. मग झाकणाची फाइल उघडायला गेलो तर स्क्रीनच्या मध्ये ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी आंघोळ करून आलो तरी फिरतंय. शेवटी सगळं पांढरं पडलं आणि बंद झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. बायको येऊन मागे उभी राहिली.

"काय होतंय हो?"

"रॅम कमी पडतेय. मशीनमध्ये दम नाही."

"मग वाढवून घ्या ना."

इतकं सोपं. पण खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं. दोष कुठे आहे ते कळलं होतं, आणि तो माझ्यात नव्हता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, भंगारात द्या हे. नवीन घ्या." दुसरा म्हणाला, मशीन आणून ठेवा, मंगळवारी बघतो. मंगळवारी काय डोंबल बघणार? मुलीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, मी लॅपटॉप पाठवते, उगाच खटपट करत बसू नका. तिला तोडून बोललो. म्हटलं, तीस वर्षं मशिनांत गेली माझी, रॅमची एक पट्टी बदलायची ती काय, मी बदलेन. माझा स्वभाव हा असा. मदत करायला आलेल्या माणसाच्याच अंगावर जायचं.

एवढं मात्र तिच्याकडूनच कळलं की जुन्या कम्प्युटरची रॅम डोंबिवलीला मिळते. तिच्या कॉलेजमधली मुलं तिथून आणायची. शनिवारी सकाळी गेलो. स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दुकान, दुकान कसलं, कपाटाएवढी खोली. आत माझ्याच वयाचा माणूस बसलेला. मी आमच्या डब्यातली जुनी पट्टी रुमालात गुंडाळून नमुन्याला नेलेली. त्याने ती उजेडात धरली.

"ही खाच बघा," तो म्हणाला. "पट्टीला मध्ये खाच असते. ती मशीनमधल्या खाचेशी जुळली तर बसणार, नाहीतर नाही. जोर करायचा नाही. जोर केला की बोर्ड गेला."

मग त्याने एक खण ओढला. आत अशा पट्ट्यांचा ढीग, उधळलेल्या पत्त्यांसारखा. त्यातून शोधून शोधून चार-चार जीबीच्या दोन काढल्या, स्वतःच्या मशीनमध्ये लावून दाखवल्या, कागदात गुंडाळून दिल्या.

"हल्ली विचारत नाही कुणी. या महिन्यात तुम्ही दुसरे."

"पहिले कोण?"

"ते परत देऊन गेले," तो म्हणाला. "मशीन पळायला लागेल बघा तुमचं. आता ते पळून जाणार कुठे, ते मी नाही सांगू शकत."

मला हसू आलं. चौदा महिन्यांत बाहेर कुणाशी हसून बोललेलो ते बहुतेक तेव्हाच.

घरी येऊन जेवायच्या आधीच डबा टेबलाखालून ओढला. वायर काढली. अंगात वीज साठलेली असते, तिने पट्टी जळते, म्हणून आधी डब्याच्या लोखंडाला हात लावला. सकाळीच जुनी पट्टी काढायला डबा उघडलेला, पण तेव्हा घाईत टॉर्चही न लावता बोटांनी चाचपून ती काढली होती. आता झाकण पूर्ण काढून टॉर्च मारला, आणि बघतच राहिलो.

आत धूळ असणार हे धरलेलंच होतं. पण ही धूळ लाल होती. मध्ये मध्ये पिवळी. हिरव्या बोर्डावर कुंकवाचा थर, पंख्याच्या पात्यांना हळद, झेंडूच्या वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्या, आणि सगळीकडे अक्षता. तांदळाचे दाणे, कुंकवाने लाल झालेले, जिथे फट मिळेल तिथे जाऊन बसलेले.

आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी यंत्रं पुजतात. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, बोर्डावर रेषा आखायचा माझा जुना ड्राफ्टर, आणि कम्प्युटर. बायको नुसत्या स्क्रीनला गंध लावून थांबणारी नाही. खरं काम खालचा डबा करतो हे तिला मीच कधीतरी सांगितलेलं. त्यामुळे दरवर्षी ती टेबलाखाली वाकून त्या डब्याची साग्रसंगीत पूजा करायची. लोकांच्या घरी डबा उभा असतो, कुंकू वर राहतं, दुसऱ्या दिवशी पुसून टाकतात. आमचा आडवा. जाळी बरोब्बर वर. दरवर्षीची चिमूट न् चिमूट सरळ आत गेलेली.

मी वरवर फुंकर मारली, फडकं फिरवलं आणि दोन्ही पट्ट्या बसवल्या. खाच जुळवून, दोन्ही कडांना अंगठे ठेवून दाबलं. बाजूच्या खिट्ट्या टक करून आपोआप मिटल्या. काय तो आवाज, जीव थंड झाला. वायर लावली, बटण दाबलं. स्क्रीन काळीच. आणि डब्यातून एक लांब शिट्टी. पुन्हा पुन्हा, तीच शिट्टी.

मग माझं डोकं फिरलं. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तर तिच्यावर सगळं काढलं. "या तुझ्या कुंकवाने वाट लावली मशीनची. देवाला अक्कल नाही आणि तुलाही नाही." आणखीही काय काय बोललो. ती डब्यात वाकून बघत होती. एवढं कुंकू आत गेलंय यावर तिचा विश्वास बसेना.

"दरवर्षी पूजेचं ताट तुम्हीच तर धरून उभे असता," ती एवढंच म्हणाली.

ते खरंच होतं. ताट धरून मी उभा असायचो, टॉर्चसुद्धा मीच मारायचो, म्हणजे तिला जाळी नीट दिसावी.

जेवलो नाही. माझी जुनी पेटी काढली. बोर्डावर काम करताना खोडरबराचा भुगा झाडायला आम्ही एक मऊ ब्रश वापरायचो, तो काढला. पट्ट्या पुन्हा काढल्या आणि ब्रशने सगळं कुंकू खरवडून झाडलं. दुसरी पट्टी बसवायची खाच, जी इतकी वर्षं रिकामीच होती, तिच्यात टॉर्च मारला तर एक अक्षत आडवी अडकलेली. बोटाने निघेना, चिमट्याने निघेना. शेवटी पेटीतला डिव्हायडर घेतला, मापं घ्यायचं दोन टोकांचं अवजार, आणि त्याच्या सुईने तो दाणा हळूच उचलून काढला. हाताला जरासुद्धा कंप नव्हता. पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. पुन्हा बसवल्या, पुन्हा टक झालं, बटण दाबलं. शिट्टी एकदाच वाजली, छोटी, आणि स्क्रीन उजळली.

"बघा, देवाने राखलं," बायको म्हणाली.

"देवाने नाही, डिव्हायडरने," मी म्हणालो. एवढं बोललो होतो तिला, पण माफी वगैरे काही मागितली नाही. उलट मी फार खुशीत होतो. मशीन अर्ध्या मिनिटात चालू झालं. झाकणाची फाइल उघडली, चक्र दोनदा फिरलं आणि झाकण समोर आलं, निळं, अधांतरी तरंगणारं. माउस फिरवला की तेही फिरायचं. बायको खुर्चीच्या पाठीला धरून बघत होती.

"अगबाई, किती सुंदर. आता तुमचं काम सुरू."

शनिवारची दुपार होती. सोमवारी दहापर्यंत वेळ होता. मशीन तयार होतं, घरात शांतता होती, बायकोने शिलाई मशीनसुद्धा बंद ठेवलेलं. काम करण्यावाचून आता काहीच शिल्लक नव्हतं.

आणि मला ते काम येत नव्हतं.

थोडंफार अडेल, शोधून जमेल, असं धरून चाललेलो. तसं काही झालं नाही. ड्रॉइंगमध्ये रेष ही रेष असते, पुसली की पुसली, दुसरीकडे काढली की झालं. इथे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला बांधलेली. एका कडेची जाडी बदलली तर बाजूच्या यादीत सगळं लाल झालं. मागे गेलो, दुसऱ्या जागेवरून बदलली, झाकणाचा एक कोपराच नाहीसा झाला. भोक सरकवायला गेलो तर सॉफ्टवेअर कसली कसली मापं विचारायला लागलं, ज्यांची नावंही मी ऐकलेली नव्हती. मोबाइलवर शिकवण्याचे व्हिडिओ लावले. त्यातला पोरगा एका मिनिटात जे करायचा ते थांबवून थांबवून बघायला मला पाऊण तास लागायचा, आणि माझ्या स्क्रीनवर त्याच्यासारखं काही दिसायचंच नाही.

जुन्या कंपनीने थ्रीडी शिकायला माणसं पाठवलेली. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा पहिलं नाव माझं होतं. मी म्हणालो, मला नको, मला गरज नाही, पोरांना पाठवा. पोरं शिकून आली आणि मला विचारून विचारूनच काम करत राहिली, कारण साचा कसा बनतो ते मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्यामुळे मला वाटलं, आपलं बरोबरच होतं.

रविवारी दिवसभर बसलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास झाकण असं झालेलं की उंदराने कुरतडलंय. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांनी पेन्सिल खराब आहे, बोर्ड हलतोय म्हणून तक्रार केली की मी सगळ्यांसमोर म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. पोरं मान खाली घालून हसायची. आता अंगण मी स्वतःच्या हाताने झाडूनपुसून सरळ करून ठेवलेलं. मी फाइल बंद केली आणि नुसता बसून राहिलो. बायकोला वाटलं दमलो. ती म्हणाली, झालं वाटतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला उठून बघतो तर तिने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. ती दूध आणायला खाली गेलेली. पुढे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी डबा टेबलाखालून ओढला, वायर काढली, झाकणाचे स्क्रू काढून झाकण भिंतीला टेकवून ठेवलं, टॉर्च आणि डिव्हायडर शेजारी मांडले. आणि ती दार उघडून आत आली तेव्हा मी जमिनीवर बसून आत बघत होतो.

"काय झालं?"

"बंद पडलं."

"असं कसं? काल तर चालत होतं."

"काल चालत होतं. आत कुठेतरी तांदूळ राहिला असेल."

हे वाक्य मी उच्चारलं. रागाच्या भरात नाही, थंड डोक्याने. ती दुधाची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. उठलो, बाथरूममध्ये गेलो आणि बादलीत पाणी सोडून ती भरून वाहीपर्यंत उभा राहिलो. बाहेर आलो तर ती देवापुढे बसलेली. मी इस्त्रीचा शर्ट कपाटात टांगून टाकला. दहा वाजायला आले तेव्हा ती साडी बदलून निघाली. जरा जाऊन येते, म्हणाली. मला वाटलं देवळात जात असेल.

ती सव्वाबाराला आली. उन्हाने चेहरा लाल झालेला, पण चौदा महिन्यांत मी पाहिला नव्हता इतका मोकळा. चप्पल काढता काढताच सांगायला लागली. ती रिक्षा करून वागळे इस्टेटला गेलेली. माझ्या टेबलावर त्या मुलीने लिहून दिलेला पत्त्याचा कागद होता, तो घेऊन. गेटवर अर्धा तास बसवून ठेवलं, मग ती मुलगी स्वतः खाली आली.

"मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी आहे, यांची नाही. मी अडाण्यासारखी मशीनवर कुंकू वाहत बसले, ते आत गेलं. हे दोन दिवस जेवणसुद्धा सोडून बसलेले, काम पुरं होत आलेलं, आणि माझ्या अक्षतांमुळे सगळं गेलं. हात जोडले हो मी तिच्यापुढे. मला रडूच आलं. ती बिचारी इतकी चांगली, मला पाणी दिलं. म्हणाली, काकू, माझी आईपण प्रिंटरला कुंकू लावते. आणि बघा, तिने पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दिलाय. पूर्ण आठवडा. आणि म्हणाली, मशीन नाहीच झालं नीट तर काकांना सांगा, इथे येऊन बसा, आमचं एक मशीन दुपारी रिकामं असतं, माझ्यासमोरच करा."

मी खुर्चीत बसलेलो, तो उठलोच नाही. माझ्यासमोरच करा. अख्खा आठवडा मिळालेला, वर त्यांचं मशीनसुद्धा. आता मला पळायला एकही वाट शिल्लक ठेवली नव्हती तिने, आणि तिला वाटत होतं की तिने माझ्यासाठी वाट काढलीय.

"तुम्ही उठा," ती म्हणाली. "तो तांदूळ मीच काढणार आज. मीच घातलाय ना."

आणि ती बसली जमिनीवर, पदर खोचून, चष्मा लावून, एका हातात टॉर्च आणि एका हातात माझा ब्रश. हे काय, ते काय, इथे हात लावू का, विचारत विचारत. मी सांगत होतो. पाऊण तास तिने कोपरा न् कोपरा झाडला. तिला एक दाणा सापडलासुद्धा, पंख्यामागच्या कोपऱ्यात, जिथे तो शंभर वर्षं पडून राहिला असता तरी काही बिघडलं नसतं. तळहातावर घेऊन तिने तो मला दाखवला.

"हाच बघा मेला," ती म्हणाली. "लावा आता वायर."

मला नको म्हणायला कारण सुचलं नाही. वायर लावली. बटण तिनेच दाबलं. एक छोटी शिट्टी झाली आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन उजळली. मशीन होतं तसंच, ठणठणीत. ती माझ्याकडे बघून इतकं हसली की मला ते सोसवेना. तो आनंद तसाच आणखी आठ दिवस घरात चालू ठेवायचा, तिने हळू आवाजात बोलायचं, शिलाई मशीन बंद ठेवायचं, आणि मी त्या स्क्रीनसमोर बसून राहायचं, एवढं पाप माझ्याच्याने होईना.

"ते बंद पडलंच नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"मशीन चांगलंच होतं. सकाळी मीच उघडून ठेवलं. मला ते काम येत नाही. मला थ्रीडी येत नाही."

ती खाली बसलेलीच होती. तो दाणा अजून तिच्या तळहातावर होता. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मग मी त्या मुलीपुढे जे रडले," ती म्हणाली, "ते खोटंच की."

मग तिने ब्रश पेटीत ठेवला, केर भरला आणि आत जाऊन कुकर लावला. त्या दिवशी ती रोजच्यापेक्षा वेगळं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यांच्या हातासारखं काम कुणाला येत नाही, हे मात्र त्यानंतर मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही, बहिणीच्या फोनवरसुद्धा नाही.

बुधवारी पेन ड्राइव्ह परत करायला निघालो. खरं काय ते त्या मुलीला सांगायचं, सरळ सांगायचं, असं ठरवूनच निघालेलो. गेटवर पोचलो. वॉचमनने मला ओळखलं नाही, पण बायकोचं वर्णन केल्यावर लगेच ओळखलं. "त्या कुंकूवाल्या काकू ना? तुम्ही त्यांचे मिस्टर? थांबा, मॅडमना फोन लावतो." म्हणजे गेटपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं. मी तिथेच उभा राहिलो. आता आत जाऊन खरं सांगितलं असतं, तर बायको खोटी पडली असती. हात जोडून, रडून खोटं बोलून गेलेली बाई झाली असती ती.

"फोन नको लावू," मी म्हणालो. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. "मॅडमना हे दे. सांग, मशीन काही नीट झालं नाही."

तिच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत घरी आलो. अजूनही तसंच सांगतो. त्या कंपनीत आजही हेच माहीत असणार, की एका चांगल्या कारागिराचं काम त्याच्या बायकोच्या अक्षतांनी घालवलं.